दगडालाही येतो थकवा!

वारंवार पडणाऱ्या भाराने कठीण खडक कसा खचतो? किल्लारी, कोयना आणि नांदेडच्या धक्क्यांशी त्याचे नाते काय?

बिलोली (प्रतिनिधी) : नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत असलेल्या बिलोली परिसरात महाराष्ट्राच्या भूमीचा पोत बदलतो. सह्याद्रीपासून मराठवाड्यापर्यंत पसरलेले काळ्या पाषाणाचे, म्हणजेच बेसॉल्टचे थर इथे पातळ होत जातात आणि त्यांच्याखाली दडलेला प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. बिलोली, देगलूर, मुखेड, धर्माबाद या पट्ट्यात करडी-गुलाबी छटा असलेल्या या खडकाची टेकाडे जागोजागी दिसतात. काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. हा ग्रॅनाइट मात्र अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. दख्खनच्या पठाराचा पाया म्हणतात तो हाच.

या पायाच्या दगडाविषयी आपल्या मनात एक ठाम समज असतो. दगड म्हणजे अचल, दगड म्हणजे टिकाऊ. 'काळ्या दगडावरची रेघ' हा वाक्प्रचार याच विश्वासातून आला. परंतु खडकांच्या अभ्यासकांचे म्हणणे काहीसे वेगळे आहे. एका दमात टाकलेला प्रचंड भार जो खडक सहज पेलतो, तोच खडक त्याहून कमी भार पुन्हा पुन्हा पडत राहिल्यास एक दिवस अचानक फुटू शकतो. लोखंडाला थकवा येतो, तसा दगडालाही येतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट अनुभवलेल्या आणि जमिनीतून आवाज आला की आजही घराबाहेर धाव घेणाऱ्या मराठवाड्याने हा विषय समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

एक घाव नव्हे, शंभर घाव

ही गोष्ट विज्ञानाच्या आधी पाथरवटांना ठाऊक होती. खाणीतील मोठा धोंडा फोडताना अनुभवी कारागीर एकाच ठिकाणी सारी ताकद लावत नाही. तो दगडाचा कल पाहतो, एका रेषेत छिद्रे घेतो, त्यांत लोखंडी पाचरी बसवतो आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत घणाचे घाव घालत फिरतो. एकही घाव दगड फोडण्याइतका जबर नसतो. मात्र काही फेऱ्या झाल्या की घणाखालचा खणखणीत नाद बदलतो, बद्द होतो. आत भेग धरली, हे कारागिराला कानाने कळते. त्यानंतरच्या एखाद्या साध्या घावाने धोंडा सरळ रेषेत दुभंगतो. तो शेवटचा घाव मोठा नसतो. आधीच्या घावांनी काम केलेले असते.

वारंवार पडणाऱ्या भाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो मात्र दगडावर नव्हे, लोखंडावर. एकोणिसाव्या शतकात युरोपात रेल्वेगाड्यांचे आस काहीही पूर्वसूचना न देता मोडू लागले. १८४२ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय-पॅरिस मार्गावर झालेल्या भीषण रेल्वे अपघाताचे कारणही इंजिनाचा मोडलेला आस हेच होते. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने आसांवर लक्षावधी वेळा भार टाकून दाखवून दिले, की धातू किती भार सोसतो एवढेच पुरेसे नाही. तो किती वेळा सोसतो, हेही पाहावे लागते. खडकांवर असे प्रयोग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागले आणि दगडही या नियमाला अपवाद नाही, हे स्पष्ट झाले.

दाबाखाली दगडाचे काय होते?

प्रयोगशाळेत खडकाची परीक्षा घेण्यासाठी साधारण साडेपाच सेंटिमीटर जाडीचा आणि त्याच्या दुप्पट ते अडीचपट उंचीचा दंडगोल कापून घेतात. तो यंत्रात उभा ठेवून वरून दाब वाढवत नेतात. चांगला ताजा ग्रॅनाइट दर चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलो किंवा त्याहूनही अधिक भार घेतो. म्हणजे मुठीत मावेल एवढ्या जाडीच्या त्या तुकड्यावर सुमारे ३५ टन भार पडतो, तेव्हा कुठे तो फुटतो. एवढ्या भाराखाली त्याची उंची कमी होते ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. डोळ्यांना काहीच दिसत नाही. आत मात्र बरेच काही घडत असते.

ग्रॅनाइट हा एकजिनसी पदार्थ नाही. स्फटिक म्हणजेच क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे कण एकमेकांत गुंतून तो तयार होतो. या कणांच्या सीमांवर आणि खुद्द कणांच्या आत मुळातच असंख्य सूक्ष्म भेगा असतात. भार वाढू लागला की प्रथम या भेगा मिटतात. मग काही काळ खडक स्प्रिंगसारखा वागतो. भार काढला तर पूर्ववत होतो. फुटण्यासाठी लागणाऱ्या भाराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पोहोचताच नव्या भेगा जन्म घेऊ लागतात. त्या बहुधा दाबाच्या दिशेला समांतर, म्हणजे उभ्या वाढतात आणि खडक आडवा फुगू लागतो. वरून दाबले जात असतानाही पुढे त्याचे एकूण आकारमान घटण्याऐवजी वाढू लागते. अभ्यासकांच्या दृष्टीने ही धोक्याची खूण होय. यानंतर भेगा एकमेकींना मिळतात, त्यांची एक तिरपी पट्टी तयार होते आणि खडक मोठा आवाज करून फुटतो.

या भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो. सरासरी दाब माफक असला तरी भेगेच्या अणकुचीदार टोकाशी तो कितीतरी पटींनी वाढतो. १९२१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. ए. ग्रिफिथ याने काचेच्या बाबतीत हा विचार मांडला आणि ठिसूळ पदार्थ हिशेबापेक्षा एवढे दुबळे का निघतात, याचा उलगडा झाला. कापडाला बारीकसा काप दिला की ते सहज टरकावता येते, तसाच हा प्रकार.

थेंबे थेंबे तळे साचे

आता भार एकदाच न वाढवता तो वर-खाली करत राहिलो तर? समजा, खडक शंभर टनांना फुटतो आणि आपण ऐंशी टनांपर्यंत जाऊन पुन्हा खाली येतो. पहिल्याच फेरीनंतर दगड पूर्णपणे मूळ आकाराला येत नाही. किंचित, अगदी केसभराहूनही कमी असा कायमचा फरक राहून जातो. काही भेगा मिटताना कडांवर घासतात, काही पुन्हा नीट मिटत नाहीत, काहींचे टोक कणभर पुढे सरकलेले असते. पहिल्या काही फेऱ्यांत हा फरक झपाट्याने साठतो. नंतर दीर्घकाळ तो संथ, एकसारख्या गतीने वाढत राहतो. दगड जणू सरावला, असे वाटते. शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र त्याची गती एकाएकी वाढते आणि ऐंशी टनांनाच खडक फुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो आज अचानक फुटला असे वाटते; आत त्याची तयारी पहिल्या फेरीपासूनच सुरू असते.

निरनिराळ्या खडकांवरील प्रयोगांतून एक ढोबळ नियम हाती आला आहे. एका दमात सोसता येणाऱ्या भाराच्या सुमारे ६० ते ८० टक्के ही वारंवार भाराची मर्यादा ठरते. त्याखाली राहिल्यास लक्षावधी फेऱ्यांनंतरही खडक बहुधा टिकतो. त्यावर गेल्यास तो केव्हातरी फुटणारच. भार जितका जास्त, तितक्या फेऱ्या कमी. खडक ओला असेल, आधीच झिजलेला असेल किंवा त्यात जुने सांधे असतील, तर ही मर्यादा आणखी खाली येते.

रेल्वेरुळांखालची खडी हे याचे रोजचे उदाहरण. चाकांचा भार प्रत्येक डब्यागणिक येतो आणि जातो. खडीचे टोकदार कोपरे तुटतात, त्यांची भुकटी होते, रुळाची पातळी बिघडते. म्हणूनच खडी वेळोवेळी चाळावी, दाबावी आणि बदलावी लागते. खडीसाठी दगड निवडतानाही केवळ तो किती कठीण आहे हे पाहून भागत नाही. तो सततचे ठोके कसे सोसतो, याची स्वतंत्र चाचणी घेतली जाते.

ऊन-थंडीचे हेलपाटे

निसर्गात हा भार वाहनांशिवायही पडतच असतो. मराठवाड्यात उन्हाळी दुपारी तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि उघडा खडक तर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. रात्री तो निवतो. प्रसरण आणि आकुंचनाची ही फेरी रोज एक, वर्षाला ३६५. शिवाय क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे कणांच्या सीमांवर रोज ओढाताण होते. बिलोली-देगलूर पट्ट्यातील ग्रॅनाइटच्या टेकाडांवर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटलेले थर दिसतात, त्यात या ओढाताणीचा आणि वरचा भार हलका झाल्याने आलेल्या सैलपणाचा वाटा आहे. अमेरिकेतील योसेमिटी येथे संशोधकांनी ग्रॅनाइटच्या कड्यावरील अशा पापुद्र्यामागे उपकरणे बसवून मोजमापे घेतली. पापुद्रा दिवसा कड्यापासून किंचित दूर सरकतो आणि रात्री परत येतो. मात्र दरवर्षी थोडा थोडा अधिक बाहेर राहतो. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस नसताना, भूकंप नसताना भर उन्हात कडे का कोसळतात, याचे एक उत्तर त्यातून मिळाले.

याउलट देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे शतकानुशतके आपला भार पेलत उभी आहेत. तिथे खांबांवर पडणारा भार दगडाच्या ताकदीच्या तुलनेत अगदीच थोडा आणि स्थिर आहे. इमारत उभारताना त्या कारागिरांनी दगडाला दाबाखाली ठेवले, ओढाखाली नाही. दाबाच्या तुलनेत दगडाची ओढ सोसण्याची ताकद साधारण दहावा हिस्साच असते.

दगडाची आठवण

वारंवार भाराच्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळते. भेग वाढताना अतिशय सूक्ष्म आवाज करते. कानाला तो येत नाही, पण संवेदकांना टिपता येतो. खडकावर पन्नास टन भार टाकून काढला आणि पुन्हा टाकायला सुरुवात केली, तर पन्नास टनांपर्यंत तो जवळपास गप्प राहतो. तो आकडा ओलांडताच आवाज पुन्हा सुरू होतात. आजवर आपण जास्तीत जास्त किती सोसले, हे जणू दगड लक्षात ठेवतो. जर्मन संशोधक योझेफ कायझर याने १९५० मध्ये धातूंच्या संदर्भात हे दाखवले. पुढे खडकांतही ते आढळले. त्याच्याच नावाने हा 'कायझर परिणाम' ओळखला जातो. त्याला एक पुस्तीही आहे. खडक फुटण्याच्या जवळ आला की त्याची ही स्मृती ढासळते आणि जुन्या कमाल भाराच्या बऱ्याच आधीच तो आवाज करू लागतो.

प्रयोगशाळेतील ही गंमत महाराष्ट्राच्या दृष्टीने फार गंभीर ठरली, ती कोयनेमुळे.

कोयना : दरवर्षीची भरती-ओहोटी

१०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्यापाठोपाठ परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० जण मृत्युमुखी पडले. खुद्द धरणाच्या काही भागांत आडव्या भेगा पडल्या आणि नंतर त्याला मजबुती द्यावी लागली. तेव्हापासून या परिसरात पाच किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत.

पावसाळ्यात शिवसागर भरतो, उन्हाळ्यात रिता होतो. अर्थात दरवर्षी भाराची एक फेरी पूर्ण होते. या जलाशयाच्या पातळीचा आणि धक्क्यांचा अनेक दशके अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महत्त्वाची निरीक्षणे नोंदवली. पाणी किती वेगाने चढते, ते किती काळ वर राहते आणि ते पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर जाते काय, यांचा मोठ्या धक्क्यांशी संबंध दिसतो. यातील तिसरा मुद्दा म्हणजे कायझरच्या दगडाची आठवणच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याच्या केवळ वजनाने खडक फुटत नाही. ८० मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अवघा ८ किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच दाब तेराशे किलोच्या आसपास असतो. मग आठ किलोंनी असे काय होते? उत्तर भेगांत आहे. जुन्या भेगांमध्ये शिरलेले पाणी दाबाखाली येते आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून ढकलते. एकमेकींवर घट्ट दाबल्या गेलेल्या या बाजू घर्षणाने थोपून राहिलेल्या असतात. पकड सैल होते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. शिवाय पाणी क्वार्ट्झच्या अणूंमधील बंधही हळूहळू दुबळे करते, त्यामुळे भेगेचे टोक कमी ताणातही पुढे जाते. ताण साठवण्याचे काम भूगर्भातील शक्तींनी आधीच केलेले असते. पाणी केवळ निमित्त ठरते.

हे सारे प्रत्यक्ष खोलीवर पाहण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात खोल विंधन प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीची चाचणी कूपनलिका २०१७ मध्ये पूर्ण झाली. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पाषाण भेदल्यावर ग्रॅनाइटी पाया लागला. बिलोलीत जो पाया पायाखाली दिसतो, त्याच प्राचीन कुळातील हा खडक. कोयनेचे धक्के उगम पावतात ते प्रामुख्याने त्यातच.

किल्लारीचा धडा

लातूर जिल्ह्यातील किल्लारीतही तेच. १९९३ च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल कूपनलिकेत ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट, मग गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि त्याखाली प्राचीन स्फटिकमय पाया आढळला. भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत हिमालयाला धडकतो. त्या रेट्याचा ताण थेट दख्खनच्या पायापर्यंत पोहोचतो आणि जिथे जुने दुबळे सांधे आहेत तिथे साठत राहतो. ज्या मराठवाड्याला 'स्थिर ढाल' म्हणून निर्धास्त मानले जात होते, तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला तो असा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीत गेली. मृतांची संख्या निरनिराळ्या अंदाजांनुसार आठ ते दहा हजारांच्या घरात आहे. जवळच्या तेरणा प्रकल्पाच्या पाण्याचा यात हात होता काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

या भूकंपाआधी वर्षभर जमीन बोलत होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारी परिसरात गूढ आवाजांसह शंभराहून अधिक धक्के जाणवले. त्यांतील १८ ऑक्टोबरचा धक्का चारच्या आसपास तीव्रतेचा होता. पुढे ते थांबले, लोक निश्चिंत झाले.

नांदेडचे आवाज

मग प्रत्येक आवाज ही मोठ्या भूकंपाची नांदी समजायची काय? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. नोव्हेंबर २००६ पासून नांदेड शहरात स्फोटासारख्या आवाजांसह हलके धक्के बसू लागले. मालिका अनेक महिने चालली. लोकांनी रात्री रस्त्यावर काढल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास केला. सर्वांत मोठा धक्का तीनच्या आसपास तीव्रतेचा ठरला आणि मोठा भूकंप झाला नाही. पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून अशीच मालिका सुरू झाली. तिथेही किल्लारीची पुनरावृत्ती झाली नाही. उलट २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसून नांदेड-परभणीपर्यंत जमीन हादरली आणि १० जुलै रोजी तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला.

प्रयोगशाळेत दंडगोल फुटण्यापूर्वी आवाज वाढतात, हे खरे. परंतु तिथे त्या खडकाची ताकद, त्यावरचा भार आणि झालेल्या फेऱ्या या तिन्ही गोष्टी माहीत असतात. दहा किलोमीटर खोलीवर यांपैकी एकही थेट मोजता येत नाही. एखाद्या मालिकेत खडक अनेक लहान भेगांवाटे ताण मोकळा करून शांत होतो, तर एखाद्या मालिकेत त्याच लहान भेगा एकमेकींना मिळून मोठी भेग घडवतात. आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो. म्हणूनच अमुक तारखेला भूकंप होणार, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि आवाज येऊन थांबले म्हणून विसरूनही जाऊ नये.

भिंतीलाही थकवा

आपल्या हातात असलेली गोष्ट खडक नव्हे, घर आहे. किल्लारीत माणसे भूकंपापेक्षा भिंतींनी अधिक मारली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. अशा भिंतीत दगड फुटत नाही, सांधा सुटतो. हादऱ्याची प्रत्येक लहर भिंतीला एकदा इकडे, एकदा तिकडे ओढते. बाहेरचा आणि आतला असे दोन थर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगते आणि भिंत बसते. वारंवार भाराचा नियम इथेही लागू आहे. पहिल्या धक्क्यात तडकलेली पण उभी राहिलेली भिंत नंतरच्या लहान धक्क्यातही कोसळू शकते. म्हणून तडा गेलेल्या घरात तपासणीशिवाय पुन्हा राहायला जाणे धोक्याचे ठरते.

उपाय अवघड नाहीत. भिंतीच्या आरपार जाणारे सलग दगड ठरावीक अंतराने बसवणे, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताच्या पातळीवर चारही भिंतींना बांधणारा सलोह काँक्रीटचा पट्टा घालणे, कोपरे सांधणे आणि माळवदावरील मातीचा थर कमी करणे, या गोष्टी किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत वापरल्या गेल्या. पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे पुनर्वसन झाले. परंतु मराठवाड्याच्या उर्वरित खेड्यांत जुन्या पद्धतीची दगडमातीची घरे अजूनही आहेत, आणि शहरांत पट्ट्याशिवाय चढवलेले मजलेही आहेत.

बिलोलीच्या माळावरील ग्रॅनाइट पाहणाऱ्याला तो अनादी आणि अभेद्य वाटतो. प्रत्यक्षात ऊन, पाणी आणि भूगर्भातील रेटा यांचे घाव तो दररोज सोसतो आहे आणि प्रत्येक घावाची नोंद त्याच्या भेगांत साठते आहे. तो हिशेब आपल्याला वाचता येत नाही. मडके घेताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकण्याची आपली रीत आहे. तीच दक्षता घराच्या भिंतींबाबत घेतली, तरी पुढच्या हादऱ्यात अनेक जीव वाचतील.